अस्तित्व लपवून मिळून आला

सोलापूरच्या कुठल्याही पेपरचं आतलं पान उघडा. पाणी कधी येणार याच्या बातमीच्या आसपास चार ओळींचा एक मजकूर अधूनमधून असतोच. अमुक वयाचा इसम रात्री दोनच्या सुमारास अमुक दुकानाच्या आडोशाला 'स्वतःचे अस्तित्व लपवून संशयितरीत्या मिळून आला'. चोरी झालेली नसते. कुलूपही तुटलेलं नसतं. इसम अंधारात उभा होता आणि तिथं का उभा होता हे त्याला नीट सांगता आलं नाही, एवढंच घडलेलं असतं.

हे वाक्य पोलिसांच्या ठरलेल्या साच्यातलं आहे आणि त्यामागं कायद्याचं कलम आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम), कलम १२२. सूर्यास्त आणि सूर्योदय यांच्या दरम्यान कोण सापडलं तर गुन्हा होतो, याची ती यादी आहे. गुन्ह्याच्या इराद्यानं हत्यार बाळगणारा. त्याच इराद्यानं तोंड झाकलेला किंवा वेश बदललेला. एखाद्या घरात वा इमारतीत सापडलेला आणि तिथं का आहे याचं समाधानकारक कारण देऊ न शकणारा. घरफोडीचं साहित्य जवळ असलेला. आणि आणखी एक : रस्त्यात किंवा आवारात रेंगाळणारा असा माणूस, जो चोर म्हणून ख्यात आहे आणि स्वतःबद्दल समाधानकारक खुलासा करू शकत नाही.

या शेवटच्या माणसापाशी मी बराच काळ अडलो आहे. त्यानं चोरी केलेली असायची गरज नाही, तो चोर म्हणून ख्यात असला की झालं. ही ख्याती कोण देतं? एका माणसाला देतं की अख्ख्या वस्तीला? आणि ती मिळालेल्या माणसानं रात्री दोन वाजता नेमका कुठला खुलासा केला म्हणजे तो समाधानकारक ठरेल?

सोलापुरात या प्रश्नांना एक पत्ता आहे. तिथं जाण्याआधी मात्र जगात काही लोक हेच काम हौसेनं करतात, त्यांच्याकडं थोडं बघू. त्यांच्याशिवाय त्या पत्त्याचा अर्थ पुरता लागत नाही.

हौशी चोरपावलं

१९९६ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात जेफ चॅपमन नावाच्या तरुणानं 'इनफिल्ट्रेशन' नावाची एक छोटी पत्रिका काढली. जिथं आपण जाणं अपेक्षित नाही अशा जागी जाणं, हा तिचा विषय. हॉस्पिटलांखालचे बोगदे, हॉटेलांचे मागचे जिने, पावसाळी गटारं, बंद कारखाने. तो 'निंजालिशस' या टोपणनावानं लिहायचा. त्याचा नियम साधा होता : काही फोडायचं नाही, काही उचलायचं नाही, बघून परत यायचं. २००५ मध्ये तो ऐन तिशीत कॅन्सरनं गेला. त्याच वर्षी आलेलं त्याचं 'ॲक्सेस ऑल एरियाज' हे पुस्तक या छंदात आजही आदरानं वाचलं जातं.

१९९८ मध्ये 'थीफ : द डार्क प्रोजेक्ट' हा कॉम्प्युटर गेम आला. तोवरच्या बहुतेक गेममध्ये समोर दिसेल त्याला गोळी घालायची असे. इथं लपायचं होतं. स्क्रीनच्या खालच्या बाजूला एक रत्न असे. तुम्ही उजेडात असाल तर ते उजळे, सावलीत गेलात की काळं पडे. दगडी फरशीवर पावलं वाजत, गालिच्यावर वाजत नसत. सगळ्यात अवघड पातळीवर तर कुणालाही मारायला बंदी होती. आज तुमच्या फोनवर लपून पुढं सरकण्याचे जे गेम आहेत, त्यांच्या खापरपणजोबांमध्ये याचं नाव घ्यावं लागतं.

त्या गेममधल्या चोराचं नाव गॅरेट. योगायोगानं याच आडनावाचा एक अभ्यासक, ब्रॅडली गॅरेट, लंडनच्या बंद भुयारी स्टेशनांत आणि बांधकाम चालू असलेल्या 'द शार्ड' या टोलेजंग इमारतीच्या टोकावर रात्री चोरून जाणाऱ्यांबरोबर हिंडला आणि त्यावर त्यानं २०१३ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याच्यावर खटला झाला. २०१४ मध्ये कोर्टानं त्याला तुरुंगात न पाठवता अटींवर सोडलं. त्या वेळी तो ऑक्सफर्डमध्ये संशोधन करत होता.

या सगळ्यांना मिळणारी मजा मला समजते. रात्रीचं शहर वेगळं असतं. दिवसा ज्या भिंतीकडं आपण बघतही नाही, तिला रात्री उंची येते, खाचा येतात, सावली येते. सोलापुरात तर अशा भिंतींची वाण नाही. १८७७ मध्ये सुरू झालेली आणि स्वातंत्र्यानंतर पंधरा-सोळा वर्षांत बंद पडलेली जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी : एकेक करून गिरण्यांचे भोंगे थांबले आणि मागं कोसळती छपरं, झाडोरा आणि फोटो काढायला आतुर असलेली पोरं राहिली.

पण या मजेला एक अट आहे. आपण कुणाला दिसत नाही, यात थरार असतो. दिसलोच, तर फारसं काही बिघडत नाही, ही खात्री त्या थराराच्या खाली असते. वॉचमन शिव्या देईल, पोलीस नाव लिहून घेईल, घरून कुणी तरी येऊन सोडवून नेईल. ज्याच्याकडं ही खात्री आहे त्याचा तो छंद. ज्याच्याकडं नाही, त्याच्यासाठी तीच भिंत, तीच वेळ आणि तीच सावली कलम १२२ होते.

शर्विलकाचं जानवं

हा फरक परदेशातून आलेला नाही. आपल्याकडं तो फार जुना आहे.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकाच्या तिसऱ्या अंकात शर्विलक नावाचा माणूस रात्री चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो. घरफोडी हा शब्द आज आपण कुलूप तोडण्यासाठी वापरतो, पण मातीच्या आणि विटांच्या घरांच्या काळात तो शब्दशः खरा होता : भिंत फोडूनच आत शिरायचं. शर्विलक हे काम अभ्यासकाच्या गांभीर्यानं करतो. भिंत कुठं ओली आहे ते बघतो. भोकाचे आकार कोणकोणते असतात याची उजळणी करतो. चोरांचा देव म्हणून कार्तिकेयाला नमस्कार करतो. मापाची दोरी विसरली म्हणून जानव्यानं माप घेतो. आत कुणी जागं आहे का हे बघायला आधी माणसाचा पुतळा पुढं सरकवतो, दार करकरू नये म्हणून पाणी शिंपडतो, दिवा विझवायला किडा सोडतो. हे सगळं तो प्रेयसी मदनिकेला दास्यातून सोडवायला करतो. शेवटी मदनिका त्याला मिळते, आणि प्रेक्षक खूश होतात.

गोविंद बल्लाळ देवल यांनी 'संगीत मृच्छकटिक' मराठी रंगभूमीवर आणलं, तेव्हा हा चोर मराठी घराघरांत पोचला. शर्विलक ब्राह्मण आहे, आणि नाटकातला अर्धा विनोद त्याच्या जानव्यात आहे. त्याची चोरी ही त्याच्या एकट्याची चोरी राहते. त्यावरून त्याच्या जातीला कुणी चोर म्हणत नाही.

दुसरं उदाहरण तर प्रत्येक मराठी मुलाला पाठ असतं. ५ एप्रिल १६६३ ची रात्र, रमजानचा महिना, पुण्याचा लाल महाल. शिवाजी महाराज निवडक माणसांसह भर छावणीतून आत शिरले. खाफीखानाच्या वृत्तांतात स्वयंपाकघराकडची विटामातीनं बुजवलेली खिडकी फोडल्याचा उल्लेख आहे. शाहिस्तेखानाची बोटं तुटली, तो जिवानिशी वाचला आणि पुढं त्याची बंगालकडं बदली झाली. रात्रीच्या वेळी, शत्रूच्या ताब्यातल्या शहरात, हजारोंच्या पहाऱ्यातून न दिसता आत जाणं आणि बाहेर येणं : जगातल्या कुठल्याही गेमला हेवा वाटावा अशी ही मोहीम आहे.

अशा मोहिमांना अंधार ओळखणारी माणसं लागतात. परंपरेनं महाराजांच्या हेरखात्याचे प्रमुख मानले गेलेले बहिर्जी नाईक रामोशी समाजातले समजले जातात. रामोशी आणि बेरड ही गडांच्या आणि गावांच्या राखणीतली माणसं. गाव झोपलं की ते जागे. पाऊल कुणाचं, कुत्रं कशाला भुंकलं, वाटेवरची माती कुणी तुडवली, हे वाचणं त्यांचं काम, आणि त्या कामाबद्दल गाव त्यांना धान्य द्यायचं. अंधाराचं ज्ञान ही तेव्हा एक नोकरी होती.

इंग्रजी राज्यात ती नोकरी बुडू लागली. उमाजी नाईकांना १८३२ मध्ये पुण्यात फाशी झाली, तोवर हीच माणसं सरकारी कागदांत बंडखोर आणि दरोडेखोर झाली होती. ज्ञान तेच होतं, मालक बदलला होता.

जन्मानं गुन्हेगार

१८७१ मध्ये इंग्रज सरकारनं क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणला. मराठीत त्याला गुन्हेगार जमाती कायदा म्हणतात. त्यामागचा युक्तिवाद असा होता की हिंदुस्थानात धंदे जातीनं चालतात. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, मग चोरीही वंशपरंपरेनं चालत असणार. आपल्याच जातिव्यवस्थेचा तर्क साहेबानं उचलला आणि त्यावर कायदा बांधला. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की तिच्यातल्या माणसांची नोंदणी व्हायची, मग त्यानं आयुष्यात काही केलेलं असो वा नसो.

पहिला कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या नव्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यासह सगळीकडं लागू करता येऊ लागला आणि बोटांचे ठसे घेण्याची तरतूद आली. १९२४ मध्ये सगळं एकत्र करून पुन्हा कायदा झाला.

कुणाला गुन्हेगार ठरवलं? कैकाडी, पारधी, टकारी किंवा भामटा, कंजारभाट, मांग गारुडी, बेरड अशी ही नावं आहेत. यातले बरेचसे फिरते लोक होते. कुणी टोपल्या विणायचे, कुणी शिकार करायचे, कुणी बैलांवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव न्यायचे. १८६० च्या सुमारास रेल्वे सोलापूरला पोचली आणि बैलांच्या तांड्यांचा धंदा बसू लागला. जंगलकायद्यांनी शिकार आणि रानातला माल बंद केला. पोट हातावर असलेला माणूस त्यानंतरही फिरतच राहिला, पण आता त्याच्या फिरण्याला सरकारला समजेल असं कारण उरलं नव्हतं. त्याच्याकडं समाधानकारक खुलासा नव्हता.

यातल्या कुणी चोऱ्या केल्याच नाहीत, असं मी म्हणत नाही. केल्या, आणि त्याचं सगळ्यात प्रामाणिक वर्णन त्यांच्याच मुलांनी लिहिलं आहे. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' १९८७ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पोलिसांचा मार सहन व्हावा आणि तोंडून नाव निघू नये म्हणून लहान मुलांना आधीच घरात मारून तयार केलं जायचं, हे त्यात आहे. 'थीफ' खेळणाऱ्या पोराच्या प्रशिक्षणात फार तर अंगठे दुखतात.

आणि इंग्रजांच्याच जुन्या नोंदींत एक गमतीची गोष्ट सापडते. भामटा किंवा उचल्या मंडळींबद्दल त्या नोंदी सांगतात की ते सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात हात मारत. रात्रीची घरफोडी त्यांच्यात कमीपणाची मानली जाई. जत्रा, बाजार, रेल्वेस्टेशन या त्यांच्या जागा, आणि गर्दी हीच त्यांची सावली. अशा दिवसाच्या लोकांनाही कायद्यानं रात्रीचं कोंडून घातलं.

तारेच्या आत

गुन्हेगार ठरवलेल्यांना सरकारनं एका जागी आणून ठेवायचं, त्यांना कामाला लावायचं आणि 'सुधारायचं', या कल्पनेला सेटलमेंट म्हणत. मुंबई इलाख्यात या कामाची सुरुवात विजापूरकडून झाली आणि ते ओ. एच. बी. स्टार्ट या आयसीएस अधिकाऱ्याच्या नावाशी जोडलं गेलं. आंबेडकरांविषयी वाचणाऱ्यांना हे नाव ओळखीचं असेल. १९२८ ते १९३० या काळात अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीचा अभ्यास करणारी जी 'स्टार्ट कमिटी' बसली आणि जिच्यावर डॉ. आंबेडकर सदस्य होते, तिचे अध्यक्ष हेच.

विजापूर, हुबळी, गदग आणि सोलापूर. सेटलमेंटची ही ठिकाणं बघितली की एक गोष्ट लक्षात येते : जिथं कापसाचा किंवा गिरणीचा धंदा आहे, तिथं सेटलमेंट आहे. सोलापूरच्या गिरण्यांना मजूर हवे होते. तारेच्या आतले मजूर पळून जात नाहीत, संपावर गेले तर त्यांना काय भोगावं लागेल हे त्यांना ठाऊक असतं, आणि रोज सकाळी ते मोजूनच बाहेर पाठवलेले असतात. १९१० च्या दशकात सोलापुरात सेटलमेंट उभी राहिली आणि तिची देखरेख अमेरिकन मराठी मिशनकडं आली. तिथं शाळा होती, कामं शिकवली जात होती. सुधारणेवर मनापासून विश्वास असलेली माणसंही तिथं होती. त्या सगळ्याभोवती काटेरी तार होती. सोलापुरात आजही जुनी माणसं त्या काळाबद्दल बोलताना 'तारेत होतो' असं म्हणतात.

कायद्यानं सरकारला मुलांना आईबापांपासून वेगळं करून निराळ्या शाळांत ठेवण्याचाही अधिकार दिला होता. चोरी रक्तातून येते असं मानल्यावर ते ओघानं येतंच.

हजेरी

या सगळ्या यंत्रणेचा कणा होता एक शब्द : हजेरी. भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत आणि आठवणींत तो इतक्या वेळा येतो की त्याचा शाळेतला अर्थ विसरायला होतं. नोंद झालेल्या माणसानं ठरावीक वेळी जाऊन आपण आहोत हे दाखवायचं. राहण्याची जागा कळवायची. ती बदलायची असेल तर आधी सांगायचं. बाहेर जायचं असेल तर पास घ्यायचा. सेटलमेंटमध्ये नाही आणि गावात राहतो, त्याला पाटलाकडं किंवा पोलिसाकडं हजेरी. रात्रीची हजेरी तर खास महत्त्वाची, कारण संशय रात्रीचाच होता.

तुमच्यापैकी जे २०२० मध्ये कळत्या वयात होते, त्यांना यातलं थोडं आठवेल. जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागायचा. त्या वर्षी २२ डिसेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत राज्यातल्या सगळ्या महापालिकांच्या हद्दीत रात्री अकरा ते सकाळी सहा संचारबंदी होती. दोन आठवडे. सोलापूरच्या रस्त्यावर रात्री साडेअकराला गाडी काढताना छातीत जे धडधडायचं, ते आठवा. मग कल्पना करा की ही बंदी रोगामुळं आलेली नाही, ती शेजारच्या गल्लीला लागू नाही, फक्त तुमच्या आडनावाला लागू आहे आणि तुमच्या आजोबांपासून चालू आहे.

हजेरी म्हणजे लपण्याच्या खेळाचं नेमकं उलटं टोक. त्या गेममधलं रत्न काळं पडलं की तुम्ही सुरक्षित. हजेरीत ते सतत उजळलेलं ठेवावं लागतं. माणूस ठरलेल्या वेळी दिसला नाही, एवढ्यानंच तो गुन्हेगार होतो. तो आजारी आईला बघायला गेला असेल, लग्नाला गेला असेल, रानात झोप लागली असेल, त्यानं फरक पडत नाही. १९२४ च्या कायद्यात तर अशीही तरतूद होती की नोंद असलेला माणूस अशा परिस्थितीत सापडला की तो चोरीच्या बेतात होता किंवा संधीची वाट बघत होता असं कोर्टाला वाटलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद. चोरी घडायची गरज नव्हती. वाट बघणं पुरेसं होतं, आणि तो कशाची वाट बघत होता हे दुसऱ्या कुणी तरी ठरवायचं होतं.

प्रत्येक माणसाला दिवसातले काही तास कुणाच्याही नजरेत नसण्याची गरज असते. प्रेमात पडलेल्याला असते, भांडून बाहेर पडलेल्याला असते, नुसतंच रडायचं असेल त्यालाही असते. गावाच्या आणि शहराच्या आयुष्यात ही सोय अंधार करत आला आहे. या माणसांकडून घर, रान आणि धंदा यांच्याबरोबर हा अंधारही काढून घेतला गेला.

सात आठवडे

सोलापूरला आपल्या इतिहासाचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. ६ एप्रिल १९३० रोजी इथल्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकला. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली, शहर पेटलं, ८ मे रोजी गोळीबार झाला, आणि पुढचे काही दिवस इंग्रजांची सत्ता शहरातून जणू नाहीशी झाली. १२ मे रोजी मार्शल लॉ लागला आणि जून संपेपर्यंत राहिला. गांधी टोपी घालणंही गुन्हा झालं. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. त्यांचे पुतळे आज शहराच्या मध्यावर आहेत, आणि १२ जानेवारीला तिथं हार पडतात.

मार्शल लॉच्या त्या सात आठवड्यांत अख्ख्या शहरानं एक गोष्ट चाखली : डोक्यावर काय आहे, रस्त्यात का उभा आहेस, कुठं चालला आहेस, याचा जाब देत जगणं. त्याच शहराच्या कडेला काही हजार माणसं हा जाब त्याआधीही देत होती आणि पुढंही जवळपास दोन दशकं देत राहिली. त्यांच्या हजेरीसाठी बंद झालेला बाजार मला कुठल्या वर्णनात सापडत नाही. शहराच्या आठवणीत सात आठवडे मावले, तीस-पस्तीस वर्षं मावली नाहीत.

कारण सरळ आहे. मार्शल लॉ सगळ्यांवर आला होता. सेटलमेंट 'त्यांच्यासाठी' होती. आणि शहरातल्या बऱ्याच लोकांना त्या तारेमुळं रात्री शांत झोप लागत होती.

तार तुटल्यावर

१९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंनी या कायद्यावर कडाडून टीका केली होती. एखाद्या जमातीला सरसकट गुन्हेगार मानणं हे नागरी स्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मुंबई प्रांतानं १९४९ मध्ये कायदा रद्द केला. देशभरातून तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. देश स्वतंत्र झाल्यानंतर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. नेहरू सोलापुरात आले आणि त्यांनी स्वतः तार तोडली, असं इथं अनेकजण सांगतात.

पण कायदा जातो तेव्हा त्याची भाषा मागं राहते. १९५१ च्या पोलीस अधिनियमात 'चोर म्हणून ख्यात' असलेला माणूस आहेच. या शब्दांचं कूळ इंग्लंडच्या १८२४ च्या व्हेग्रन्सी ॲक्टमध्ये आहे. तिथं संशयित माणूस किंवा ख्यात चोर नुसता रेंगाळताना दिसला तरी धरता येत होतं. विसाव्या शतकात लंडनचे पोलीस हेच कलम काळ्या तरुणांवर इतकं वापरू लागले की १९८१ मध्ये ब्रिक्स्टनच्या दंगलीनंतर संसदेला ते काढावं लागलं. इंग्लंडनं टाकून दिलेला शब्द आपल्याकडं अजून कामावर आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०९ मध्ये स्वतःची उपस्थिती लपवण्याची खबरदारी घेणाऱ्या संशयिताकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेण्याची तरतूद होती. २०२४ मध्ये नवी संहिता आली आणि ती तरतूद कलम १२८ होऊन तशीच पुढं आली.

त्याशिवाय १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आहे. गुन्हेगार जमात म्हणायचं बंद झालं, सराईत गुन्हेगार म्हणायला सुरुवात झाली. कागदावर फरक मोठा आहे, कारण आता जमातीऐवजी माणसाचं रेकॉर्ड बघायचं असतं. पण घरफोडी झाल्यावर पहिली जीप कुठल्या वस्तीत जाते, हे त्या वस्तीतल्या लहान मुलांनाही माहीत असतं, आणि रेकॉर्ड त्या जीपमधूनच तयार होतं.

याविरुद्ध लढणाऱ्यांत सोलापूरची माणसं पुढं राहिली. भटक्या-विमुक्तांच्या राष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद सोलापूरच्या बाळकृष्ण रेणके यांच्याकडं होतं, आणि त्या आयोगाचा अहवाल २००८ मध्ये आला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींना जन्मतः सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी होत्या, त्या न्यायालयानं घटनाबाह्य ठरवल्या. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये याची काळजी घ्या, असंही पोलिसांना सांगितलं. म्हणजे कायदा रद्द होऊन ७२ वर्षं झाल्यावरही हे कुणी तरी सांगायला लागलं.

पत्ता

आता तो पत्ता. सेटलमेंटमध्ये ज्यांचं वर्तन चांगलं ठरायचं, त्यांना तारेबाहेर राहण्याची मुभा मिळायची. त्या वस्त्यांना फ्री कॉलनी म्हणत. तार गेली, हजेरी गेली, मिशन गेलं, गिरण्याही गेल्या. नाव राहिलं. सोलापुरात आजही 'सेटलमेंट फ्री कॉलनी' आहे, तिला नंबर आहेत, तिथं शिक्षक राहतात, रिक्षावाले राहतात, स्पर्धा परीक्षेला बसलेली पोरं राहतात. त्यांच्या आधार कार्डावर, नोकरीच्या अर्जावर, पार्सलच्या डब्यावर ते नाव असतं. शंभर वर्षांपूर्वीच्या एका अधिकाऱ्याच्या वर्गवारीला आपण गल्लीचं नाव करून टाकलं, आणि त्यातला 'फ्री' हा शब्द कुणापासून सुटल्याचा आहे हे विचारायचं विसरलो.

लपून हिंडण्याच्या छंदाला माझा विरोध नाही. बंद गिरणीच्या आत चांदण्यात उभं राहावं असं कुणालाही वाटू शकतं, आणि शहराच्या अंधारावर सगळ्यांचा हक्क असावा. तो हक्क सगळ्यांना सारखा मिळालेला आहे का, हे तपासायला मोठा अभ्यास लागत नाही. रात्री दोनला त्याच भिंतीपाशी दोन पोरं उभी आहेत. दोघांच्या खिशात टॉर्च आहे, दोघांच्या तोंडाला रुमाल आहे, दोघंही फोटो काढायला आली आहेत. जीप थांबते आणि पहिला प्रश्न येतो, काय बे, कुठं राहतो?

एकजण जुळे सोलापूर म्हणतो. दुसरा सेटलमेंट म्हणतो.